चमकणारे प्रोटीन कॅल्शियम ओळखते कसे, आणि तुमचे का ओळखत नाही

सांगलीहून एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, आम्ही जीकॅम्प६एस हे कॅल्शियम ओळखून चमकणारे प्रोटीन ई. कोलाय जिवाणूत तयार करून निकेलच्या कॉलमवर शुद्ध केले. ते काही न घालताच लख्ख चमकते. कॅल्शियम क्लोराइड घातले तर काडीचा फरक नाही. कॅल्शियम पकडून ठेवणारे ईजीटीए घातल्यावर चमक धपकन पडते, पण त्यावर पुन्हा कॅल्शियम घातले की पहिल्यासारखी वर येत नाही. उलट शेजारच्या क्युवेटमधले, म्हणजे मोजायच्या नळीतले, कॅल्शियम न ओळखणारे साधे हिरवे प्रोटीन ईजीएफपीसुद्धा मंदावते. प्रोटीन खराब झाले का? असे सेन्सर मुळात घडवतात कसे? आणि आमच्याकडे वाळव्यात, मिरजेकडे जमिनी क्षारपड झाल्यात, त्यासाठी सोडियम ओळखणारे असे प्रोटीन करता येईल का?"

प्रोटीन टाकून देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या खुणा ठणठणीत जीकॅम्पच्या आहेत. घोटाळा तुमच्या पाण्यात आहे आणि बफरमध्ये, म्हणजे सामू (पीएच) स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, आहे. तो कसा, हे पटायला या प्रोटीनच्या पोटात काय चालते ते आधी बघावे लागेल, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

तुम्ही सांगलीच्या, तेव्हा उदाहरण घरचेच घेऊ. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचे पाणी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. हिरवट पिवळी झगझगीत चमक दिसेल. हाच फ्लुओरेसन्स: एका रंगाचा उजेड गिळायचा आणि थोड्या कमी ऊर्जेचा, दुसऱ्या रंगाचा उजेड बाहेर टाकायचा. आता त्याच हळदीत चुन्याची निवळी टाका. लाल होईल. हळदीचे कुंकू याच युक्तीने होते, आणि हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो तोही याचमुळे. हळदीतल्या कुर्क्युमिनच्या रेणूवर फिनॉलचे गट असतात. अल्कलीत त्यांच्यावरचा प्रोटॉन निघून जातो, रेणूतले इलेक्ट्रॉन ऐसपैस पसरतात, आणि रेणू आधी गिळत होता त्याहून लांब तरंगाचा उजेड गिळायला लागतो. प्रोटॉन अंगावर आहे की नाही, एवढ्यावर हळद की कुंकू ते ठरते.

जीएफपी, म्हणजे ज्यापासून तुमचा सेन्सर केला ते हिरवे चमकणारे प्रोटीन, त्याच्या पोटातही फिनॉलच आहे. हे २३८ अमिनो आम्लांचे प्रोटीन. अकरा पट्ट्या उभ्या विणून केलेली कणगी डोळ्यांपुढे आणा, तसा त्याचा आकार आहे. कणगीच्या मधोमध ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाची अमिनो आम्ले, म्हणजे सेरीन, टायरोसीन आणि ग्लायसीन, आपापसांत वळून आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःच रंगद्रव्य तयार करतात. बाहेरून कुठलाही रंग, कुठलेही एन्झाइम द्यावे लागत नाही. टायरोसीनच्या फिनॉलवर प्रोटॉन असला तर हे रंगद्रव्य ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड गिळते; प्रोटॉन गेला की ४७५च्या आसपासचा निळा. तुम्ही फ्लुओरोमीटरवर निळा उजेड लावून बघता, म्हणजे ज्या रेणूंवरचा प्रोटॉन गेला आहे तेवढेच तुम्हाला दिसतात. बाकीचे तिथेच असतात, पण अंधारात.

हे एकदा मनात बसवा, कारण माझे पुढचे सगळे उत्तर याच खुंटीला टांगलेले आहे. जीएफपीपासून केलेला एकरंगी आयन सेन्सर हा जन्माने सामू मोजणारा प्राणी आहे. कॅल्शियम ओळखणे हे त्याला मागाहून शिकवलेले. संधी मिळाली की तो मूळ स्वभावावर जातो.

गंमत अशी, की या विषयाचा पहिला धडाही पाण्यातल्या कॅल्शियमनेच दिला. १९६१च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला एक्वोरिया जातीच्या जेलीफिशमधून चमकणारा पदार्थ काढायच्या मागे होते. सुमारे दहा हजार जेलीफिश त्या एका उन्हाळ्यात कापले. आम्लात, सामू ४ला, चमक थांबते आणि आम्ल मारले की थोडी परत येते, इथवर त्यांना समजले होते. मग एका संध्याकाळी काम आटोपून उरलेला अर्क त्यांनी मोरीत ओतला, आणि मोरी निळ्या उजेडाने भडकली. मत्स्यालयाचे ओसंडलेले समुद्राचे पाणी त्याच मोरीत जात होते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असते, आणि त्यांनी काढलेला चमकणारा पदार्थ, एक्वोरिन, कॅल्शियमवरच पेटतो. त्याच प्राण्यातून बाजूला निघालेले हिरवे प्रोटीन म्हणजे जीएफपी. पुढे १९९२मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि १९९४मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत आणि कृमीत चमकवून दाखवले. २००८चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळाले. प्रॅशर तेव्हा एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. संशोधनाला निधी न मिळाल्याने ते या क्षेत्राबाहेर फेकले गेले होते. मला ही गोष्ट नोबेलपेक्षा जास्त लक्षात राहते.

आता कॅल्शियमचे शिक्षण. पहिला मार्ग १९९७चा, त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत अत्सुशी मियावाकींनी केलेला. त्यांनी दोन रंगांची दोन प्रोटीने एका दोरीच्या दोन टोकांना बांधली. मधल्या दोरीत कॅल्शियम धरणारे कॅल्मोड्युलिन हे प्रोटीन आणि त्याला आवडणारा एम१३ नावाचा छोटा पेप्टाइड. कॅल्शियम आले की कॅल्मोड्युलिन त्या पेप्टाइडला मिठी मारते, दोन्ही रंग जवळ येतात, आणि एकाने गिळलेली ऊर्जा दुसऱ्याला मिळून त्याच्या रंगात बाहेर पडते. दोन रंगांचे गुणोत्तर काढायचे. पेशी जाड आहे की पातळ, प्रोटीन कमी बनले की जास्त, याने गुणोत्तराला फारसा फरक पडत नाही. या सेन्सरला कॅमेलिऑन म्हणतात, सरड्यावरून.

दुसरा मार्ग तुमच्या जीकॅम्पचा. १९९९मध्ये त्सिएन यांच्याच गटाने दाखवले, की जीएफपीची दोन मूळ टोके एका लहानशा जोडाने शिवून टाकली आणि कणगी भलत्याच ठिकाणी, १४५व्या अमिनो आम्लाच्या जवळ, उसवली तरी ती चमकते. ही जागा भलती वाटते, पण ती आहे नेमकी रंगद्रव्याच्या फिनॉलसमोर. म्हणजे कणगीला ऐन मोक्याच्या जागी भोक. त्या भोकातून पाणी आत शिरते, फिनॉलवर प्रोटॉन बसतो, चमक जाते. २००१मध्ये जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी या उसवलेल्या कडांपैकी एकीला एम१३ आणि दुसरीला कॅल्मोड्युलिन जोडले. कॅल्शियम आले की ती दोन्ही एकमेकांना बिलगतात, कणगीच्या तोंडावर येऊन बसतात, भोक बुजते. एवढेच नव्हे, कॅल्मोड्युलिनचे एक आर्जिनीन आत डोकावून फिनॉलच्या ऋण भाराला आधार देते. कॅल्शियम नसताना या फिनॉलचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्म्या रेणूंवरचा प्रोटॉन गेलेला असतो तो, ८च्या वर असतो, कॅल्शियम आल्यावर ७च्या खाली येतो. सामू ७.२च्या पेशीत याचा अर्थ: आधी बहुतेक रेणू अंधारात, नंतर बहुतेक उजेडात. जीकॅम्प६एसमध्ये हा फरक साठ पटींहून जास्त आहे.

आता तुमच्या क्युवेटकडे येऊ.

जीकॅम्प६एस निम्मे भरते ते सुमारे १४४ नॅनोमोलर कॅल्शियमला, आणि कॅल्मोड्युलिनमधल्या कॅल्शियमच्या चार जागा एकमेकींच्या मदतीने भरत असल्यामुळे अंधारातून उजेडात ते अगदी थोड्या अंतरात जाते. तुम्ही पाणी कुठले वापरता ते लिहिले नाही, पण साधे डिस्टिल्ड असले तरी काचेतून, मिठांतून, हाताळणीतून त्यात काही मायक्रोमोलर कॅल्शियम सहज येते. शिवाय मोजपात्र नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुता ना? हिशेब करून बघा. बोअरच्या पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर ते झाले १ मिलिमोलर. पालथ्या घातलेल्या मोजपात्राच्या तळाशी ५० मायक्रोलिटरचा एक थेंब राहिला आणि त्यात तुम्ही १०० मिलिलिटर बफर केले, तर त्या एका थेंबाने आलेले कॅल्शियम ५०० नॅनोमोलर. तुमच्या प्रोटीनला निम्मे भरायला लागते त्याच्या तिप्पट. म्हणून ते काही न घालताच लख्ख चमकले. वर कॅल्शियम क्लोराइड घातले तरी भरलेल्या घागरीत आणखी काय मावणार? ईजीटीएने ते बारीकसारीक कॅल्शियम ओढून घेतले आणि चमक पडली. ही पडलेली चमक खरी आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. तोच पुरावा, की तुमचे प्रोटीन काम करते.

खोट पुढच्या पायरीत आहे. ईजीटीए सामू ७च्या आसपास दोन प्रोटॉन अंगावर घेऊन बसलेला असतो. कॅल्शियम धरताना तो ते दोन्ही सोडून देतो. १ मिलिमोलर ईजीटीएत तुम्ही पुरेसे कॅल्शियम ओतले, की पाण्यात जवळजवळ २ मिलिमोलर आम्ल मोकळे झाले. ते शोषायला तुमच्याकडे काय होते? तुम्ही लिहिलेय १० मिलिमोलर ट्रिस बफर, सामू ७.२. ट्रिसचा पीकेए ८च्या जरा वर. ७.२ला त्यातला आम्ल पिऊ शकणारा भाग जेमतेम १.२ मिलिमोलर. म्हणजे आलेल्या आम्लापुढे बफरने हात टेकले आणि सामू घसरला ६च्याही खाली. साध्या ईजीएफपीचा पीकेए ६च्या आसपास असतो, तिथे त्याची चमक निम्म्यावर येते. म्हणून शेजारची क्युवेटही मंदावली. जीकॅम्पमध्ये एकाच वेळी कॅल्शियम वर ओढत होते आणि आम्ल खाली. तुम्ही मात्र दोष दिला प्रोटीनला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

साधे ईजीएफपी शेजारी ठेवलेत ही फार चांगली गोष्ट केलीत. ते कुणी सांगितले म्हणून केले की तुमचे तुम्हाला सुचले, मला माहीत नाही. ते नसते तर मलाही इथून एवढे ठामपणे सांगता आले नसते.

दुरुस्ती अशी करा. ३० मिलिमोलर मॉप्स बफर आणि १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घ्या, सामू ७.२. मॉप्सचा पीकेए तिथेच असल्याने तेच २ मिलिमोलर आम्ल त्याला जेमतेम ०.१ने हलवेल. पण खरी सोय दोन बाटल्यांची: एकीत १० मिलिमोलर ईजीटीए, दुसरीत १० मिलिमोलर ईजीटीए आणि तितकेच कॅल्शियम. दुसरीचा सामू कॅल्शियम घातल्यानंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पुन्हा ७.२ला आणा. तिथेच बहुतेक जण चुकतात, आधी लावतात आणि मग कॅल्शियम टाकतात. आता या दोन बाटल्या वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायच्या. मोकळे कॅल्शियम म्हणजे भरलेला ईजीटीए भागिले रिकामा ईजीटीए, गुणिले ईजीटीएचा केडी, म्हणजे ज्या मोकळ्या कॅल्शियमला तो निम्मा भरतो तो आकडा. सामू ७.२ला तो केडी सुमारे १५० नॅनोमोलर धरा. एकास नऊ मिसळले तर मोकळे कॅल्शियम १७ नॅनोमोलर, निम्मे-निम्मे मिसळले तर १५०, नवास एक मिसळले तर १३५० नॅनोमोलर. पहिल्या नळीत तुमचे प्रोटीन जवळपास विझलेले हवे, मधल्या नळीत साधारण निम्मे, तिसरीत पूर्ण. ईजीएफपी तिन्ही नळ्यांत सारखेच दिसले पाहिजे. या पद्धतीत थेंबभर बोअरच्या पाण्याने काही बिघडत नाही, कारण १० मिलिमोलर ईजीटीएपुढे त्याची मातब्बरी ती काय.

सामू मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळा. या भागात ईजीटीएचा केडी हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाच्या वर्गाच्या चालीने बदलतो. सामू ०.२ने चुकला तर मोकळे कॅल्शियम अडीच पटींनी चुकते. मीटर रोज दोन बफरांवर लावून घ्या. कागदी पट्टीवर विसंबू नका.

हे सगळे मी इतक्या तावातावाने लिहितेय, कारण दुधाने तोंड पोळले आहे. मी मूळची कराडची. नोकरीच्या सुरुवातीला ज्या प्रयोगशाळेत होते, तिथे आम्ही एक औषध पेशींवर घालून बघत होतो. औषध पडले की अर्ध्या मिनिटात सगळ्या पेशी एकदम मंद. आम्ही लिहून मोकळे, की औषधाने कॅल्शियम उतरते. आलेख सुंदर होते, लेखाचा मसुदाही झाला होता. बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी चहा पिता पिता विचारले, "मृत सेन्सर घालून पाहिलात का?" मृत म्हणजे कॅल्शियम धरणारी अमिनो आम्ले बदलून आंधळा केलेला. पाहिला नव्हता. केला. तोही मंदावला. औषध पेशीतला सामू खाली आणत होते, कॅल्शियमशी त्याचा संबंध नव्हता. सात महिने पाण्यात. त्यातही एक मेख आहे, ती मला आणखी उशिरा कळली: मृत सेन्सर कॅल्शियमविना असलेल्या अवस्थेत अडकलेला असतो, त्याचा पीकेए वेगळा, म्हणून सामूला तो अगदी जिवंत सेन्सरइतकीच दाद देईल असे नाही. तेव्हापासून मी पेशींच्या दुसऱ्या थाळीत सामूचा सेन्सरही ठेवते.

तो सामूचा सेन्सर म्हणजे फ्लुओरिन, १९९८चा. तो करणाऱ्यांनी जीएफपीची हीच खोड गुण म्हणून वापरली. चेतापेशीतल्या ज्या पिशव्यांमध्ये संदेशवाहक रसायने भरलेली असतात, त्यांच्या आतला सामू ५.५च्या आसपास असतो. तिथे फ्लुओरिन विझलेले. पिशवी पेशीच्या कडेला येऊन बाहेर उघडली, की सामू ७च्या वर जातो आणि प्रोटीन पेटते. कुठली पिशवी केव्हा फुटली, हे दिव्यासारखे दिसते.

"सेन्सर घडवतात कसे" याचे उत्तर पुस्तकात वाचाल तर वाटेल, रचना बघतात, विचार करतात आणि बरोबर तेच अमिनो आम्ल बदलतात. विचार असतोच. पण कॅल्मोड्युलिन आणि कणगी यांच्यामधले जे दोन-दोन, तीन-तीन अमिनो आम्लांचे सांधे असतात, त्यांच्या बाबतीत मला अजून कुणी खात्रीने सांगू शकलेले नाही, की अमुक जोडी लावा आणि चमक दहापट वाढेल. तिथे सरळ सोडत काढावी लागते. दोन जागा मोकळ्या सोडल्या तर वीस गुणिले वीस, चारशे शक्यता. पण आपण बदल करतो डीएनएमध्ये, आणि नेहमीच्या ३२ कोडॉनच्या (अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरी डीएनए-शब्दांच्या) मिश्रणाने ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ क्रम होतात. त्यातले जवळजवळ सगळे एकदा तरी नजरेखाली जायला हवेत, तर तिप्पट, तीन हजारांवर कॉलनी बघायला लागतात. एवढ्या कॉलनींमधले प्रोटीन एकेक शुद्ध करून क्युवेटमध्ये घालायचे म्हटले तर एम.एस्सी. संपून लग्ने होतील.

२०११मध्ये रॉबर्ट कॅम्पबेल यांच्या गटाने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. जिवाणूच्या पोटात मोकळे कॅल्शियम फार कमी असते आणि बाहेरून घातलेले सहजी आत जात नाही. म्हणून त्यांनी प्रोटीनला एक पत्ता चिकटवला, ज्याने जिवाणू ते आपल्या दोन आवरणांच्या मधल्या फटीत नेऊन ठेवतो. ती फट बाहेरच्या द्रवाला मोकळी. मग थाळीचा फोटो काढायचा, कॉलनींवर ईजीटीए फवारायचे, परत फोटो काढायचा. ज्या कॉलनीची चमक सर्वांत जास्त पडली, ती उचलायची. निळे, हिरवे, लाल असे कॅल्शियम सेन्सर त्यांनी यातून काढले. जीकॅम्पच्या पुढच्या पिढ्यांत मात्र निवड चेतापेशींवरच झाली, कारण नळीत देखणे दिसणारे प्रोटीन पेशीत गेल्यावर ढेपाळते, हे वारंवार अनुभवाला आले. २०१३च्या जीकॅम्प६चे एस आणि एफ हे दोन भाऊ त्यातूनच आले: एस मंद पण तेजस्वी, एफ जरा फिका पण चपळ. २०२३च्या जेजीकॅम्प८मध्ये तर तो करणाऱ्यांनी एम१३ काढून दुसऱ्याच प्रोटीनमधला कॅल्मोड्युलिनला बिलगणारा पेप्टाइड लावला आणि वेग कितीतरी वाढला.

केडी जागेप्रमाणे निवडायचा असतो, हे लोक विसरतात. पेशीद्रवात विश्रांतीला १०० नॅनोमोलर कॅल्शियम आणि उत्तेजनाला मायक्रोमोलरच्या आसपास, तिथे जीकॅम्प६एस ठीक. तेच तुम्ही एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये, पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारात, पाठवलेत, जिथे कित्येकशे मायक्रोमोलर असते, तर ते कायमचे पेटलेले राहील आणि तुम्ही म्हणाल इथे काही बदलतच नाही. सोने तोलायच्या काट्यावर उसाची मोळी ठेवण्यासारखे आहे ते. तिथल्यासाठी मुद्दाम दुबळी पकड केलेले सेन्सर आहेत, सेपिया त्यांतलाच. शिवाय सेन्सर स्वतः कॅल्शियम पितो. पेशीत तो बेसुमार बनवलात, तर मोजायला गेलेला माणूसच धान्य खाऊन बसला अशी गत होते.

दुसऱ्या आयनांचे थोडक्यात सांगते. पिवळ्या जीएफपीत रंगद्रव्याजवळ क्लोराइडला बसायला जागा असते, ते बसले की फिनॉलचा पीकेए वर जातो आणि चमक कमी होते. म्हणजे क्लोराइड मोजताना सामू स्थिर आहे हे सिद्ध केल्याशिवाय बोलायचीच सोय नाही. तरी या पिवळ्या प्रोटीनचा सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारावरच्या संशोधनात हजारो रसायने चाळायला चांगला उपयोग झाला. पोटॅशियमसाठी ई. कोलायमधलेच केबीपी नावाचे पोटॅशियम धरणारे प्रोटीन कणगीत बसवून २०१९मध्ये जिंको१ झाला. जस्ताचे सेन्सर वेगळेच प्रकरण आहे. पेशीत एकूण जस्त शेकडो मायक्रोमोलर, पण मोकळे पिकोमोलरच्या घरात, तेव्हा पकड तितकीच घट्ट लागते.

आणि तुमचे सोडियम. इथे जरा मोडता घालते. सोडियम आणि कॅल्शियम या आयनांची त्रिज्या जवळपास सारखी, दोन्ही ०.१ नॅनोमीटरच्या आसपास. पण कॅल्शियमवर दोन भार, सोडियमवर एक. कॅल्शियमला ऋणभारित अमिनो आम्लांच्या कडबोळ्यात घट्ट धरता येते. सोडियम अंगाभोवतीचे पाणी सोडून तिथे यायला एवढे उत्सुक नसते, आणि आले तरी पेशीतल्या १४० मिलिमोलर पोटॅशियमच्या गर्दीतून त्यालाच ओळखायचे. वर्षभराच्या प्रकल्पात यात हात घालू नका.

दुसरे म्हणजे, क्षारपड जमिनीतले मीठ मोजायला प्रोटीन कशाला? कृष्णाकाठी पाटाचे पाणी आणि ऊस यांनी जमिनीचे काय झाले ते मातीच्या अर्कात विद्युतवाहकता मोजणारा ईसी मीटर बुडवला की कळते, आणि ते शेतकऱ्यालाही परवडते. सेन्सरचे काम जमिनीत नाही, मुळाच्या पेशीत आहे. २०१४मध्ये अरॅबिडॉप्सिस या रोपट्यावर सायमन गिलरॉय यांच्या गटाने दाखवले, की मुळाच्या टोकाला मीठ लागले की कॅल्शियमची एक लाट मुळातून वर निघते, सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर वेगाने. पानाला मिठाची बातमी मीठ पोचायच्या कितीतरी आधी मिळते. ते त्यांनी मियावाकींच्या त्या दोरीच्या जातीच्या सेन्सरने पाहिले. मिठाचा प्रश्न कॅल्शियमच्या सेन्सरने विचारता येतो, तो असा. उसात हे करायचे तर उसाचे रोप आधी जनुकबदल करून घ्यावे लागेल, ते तुमच्या प्रकल्पात बसणार नाही. पण ही वाट डोक्यात ठेवा.

मग तुमच्या कॉलेजात काय होईल? कॉलनींचे काम नक्की होईल. निळा एलईडी टॉर्च, समोर पिवळ्या जिलेटिनचे दोन थर, अंधारी खोली, मोबाइल तिकाटण्यावर आणि त्याचे एक्स्पोजर हाताने कायम केलेले. ऑटोवर ठेवलात तर फोन प्रत्येक फोटो आपल्या मर्जीने उजळ करेल आणि तुम्ही ईजीटीएचा नव्हे, फोनचा परिणाम मोजाल. जीकॅम्पच्या एका सांध्यात बदल करून शे-दोनशे कॉलनी फवाराआधी आणि फवारानंतर बघणे, हा पुरेसा आणि प्रामाणिक प्रकल्प आहे. प्रोटीन फटीत नेणारा तो पत्ता मात्र तुमच्या प्लाझमिडमध्ये, म्हणजे जनुक वाहणाऱ्या डीएनएच्या कड्यात, घालून घ्यायला हवा. रात्रभर १८-२० अंशांना वाढवा, ३७ला प्रोटीनच्या गुठळ्या होतात. सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी घ्या, आणि थाळ्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.

मोजताना क्युवेट प्लास्टिकच्या, नव्या वापरा. आणि हळदीचा प्रयोग कराल तर त्या क्युवेट वेगळ्या ठेवा. कुर्क्युमिन प्लास्टिकला चिकटून बसते, चार धुण्यांत निघत नाही, आणि निळ्या दिव्याखाली तेही हिरवटच चमकते.